शुक्र दिसेपर्यंत

नंदुरबार, मार्गशीर्ष १९३८

दीपचंद,

नवऱ्याचं नाव घेऊ नये. पण हे पत्र टपालात पडणारच नाही, म्हणून लिहिलं.

लग्नाला दीड वर्ष झालं तरी मी माहेरीच आहे. सासरी पाठवणीचा दिवस ठरला आणि तेवढ्यात शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला. तारा बुडाला की आम्हा मारवाड्यांत लेक धाडत नाहीत. भरलेली ट्रंक तशीच पडून आहे.

आणि नेमके तेच दिवस तुमच्या कामाचे! वेधशाळेतून तुम्ही चार पानं लिहिलीत: बुडालेला शुक्र दुर्बिणीतून भरदिवसा दिसतो, त्याची कोर केसाएवढी बारीक होते, आणि तिथल्या हवेतून उजेड वळतो म्हणून कोरीची दोन्ही टोकं एकमेकांना भेटू पाहतात. मला ते पत्र पाठ आहे. ती हवा कसली असेल, तिच्यात माणूस जगेल का, सगळे प्रश्न तुम्हाला पडलेत. ‘तू कधी येतेस’ एवढं मात्र कुठे नाही.

बापूजींना मोतीबिंदू झालाय. नुसत्या पंचांगावर त्यांचा भरवसा नाही, घरातल्या कुणीतरी तारा डोळ्यांनी बघायला हवा. म्हणून रोज पहाटे मला गच्चीवर पाठवतात आणि जिन्याखालून विचारतात, “बाई, तारो दीख्यो?”

चार दिवस झाले, तो पूर्वेला लखलखतोय. मी डोळे भरून बघते, खाली येते आणि नाही दिसला म्हणून सांगते, “कोनी दीख्यो, बापूजी.”

तुम्ही विचाराल तोवर माहेरचीच,
दाखू