दोनशे लाडू आणि बाबांचं गेज

राइट टाउन, जबलपूर
१४ सप्टेंबर १९९३

ती. सौ. लतिकाताईस,

बंडूचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे. अर्धा आत्ता घे, अर्धा दिवाळीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं पथ्य चालू आहे, की तू शाळेत गेलीस की ते लोणच्याची बरणी उघडतात? इकडे सगळे बरे. ग्वारीघाटाच्या खालच्या पायऱ्या अजून नर्मदेच्या पाण्यात आहेत, त्यामुळे माझं सकाळचं फिरणं बंद आणि पोट सुटणं सुरू आहे. मीराने तुला लिहिलेलं मराठी पत्र तू तपासून परत पाठवलंस, ते पोचलं. अठरा ओळींत एकतीस चुका. मी पुन्हा मोजल्या, एकतीसच भरल्या. अमरावतीच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवून तुझा हात किती बसला आहे ते दिसलं. फक्त एवढंच झालं, की पोरीने तो लालेलाल कागद हातात धरून मला विचारलं, "पापा, मेरा लेटर रिजेक्ट हो गया क्या?" तेव्हापासून तिची मराठीची वही कपाटावर चढून बसली आहे. अकरा वर्षांची पोर, घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. कशीबशी लिहायला लागली होती, तेही थांबलं. असो. मी तक्रार करून राहिलो नाही हो. 'रिजेक्ट' हा शब्द कानावर पडला आणि मला पासष्ट साल आठवलं, म्हणून लिहायला बसलो.

तुला इंदिरा बहेनजी आठवतात ना? सातवीत आम्हांला इंग्रजी शिकवायच्या. (तू तेव्हा मॅट्रिकला होतीस आणि माझ्या इंग्रजीला नाक मुरडणे हा तुझा मुख्य विषय होता.) त्यांनी सांगितलं, रोज पाच ओळी इंग्रजीत लिहून आणा, घरात जे झालं ते लिहा. वर्गात नुसती रडारड! पण बाईंची तऱ्हाच वेगळी. चूक म्हणून खोडायच्या नाहीत. निळ्या शाईने खाली एक प्रश्न लिहायच्या, बस, आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणून आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं. आता आपल्या घरची भाषा कशी? "बाबा जेवून राहिले." जेवून म्हणजे ईटिंग, राहिले म्हणजे लिव्हिंग. मी ठणठणीत लिहिलं, 'माय फादर इज ईटिंग लिव्हिंग.' खाली निळा प्रश्न आला, 'व्हॉट इज ही ईटिंग?' मी लिहिलं, 'ही इज ईटिंग भाकर लिव्हिंग.' पुन्हा प्रश्न, 'इज ही ईटिंग इट विथ पिठलं?' अगं, आपल्या पिठल्याची कोणी इंग्रजीत चौकशी करतं या आनंदात मी पाचाच्या पंधरा ओळी लिहायला लागलो, आणि ते लिव्हिंग कधी गळून पडलं ते मला कळलंही नाही. (एकदा तू ती वही वाचून इतकी हसलीस, की आईने तुला पाणी आणून दिलं. मी विसरलेलो नाही.)

बाबांचं काम तुला माहीतच आहे. लष्कराच्या फॅक्टरीत तपासणीवर होते. पुढ्यात नग यायचा, त्याला गेज, म्हणजे मापाचं कडं, लावायचं, नीट बसला तर पास, नाही तर लाल रंगाचा पट्टा. आई म्हणायची, हा माणूस घरी येतो तो गेज खिशात घालूनच येतो. पोळीचा काठ, माझा भांग, तुझी वेणी, कोणी पास म्हणून होत नसे. त्यात लढाई लागली, डबल शिफ्ट सुरू झाली, आणि बाबा आम्हांला फक्त झोपलेले दिसू लागले. वर सक्त ताकीद, की फॅक्टरीत काय बनतं ते घरात विचारायचं नाही आणि बाहेर बोलायचं नाही. नेमका त्याच आठवड्यात बहेनजींचा प्रश्न आला, 'व्हॉट डज युअर फादर मेक?' झाली का पंचाईत! उत्तर द्यावं तर देशाशी गद्दारी, न द्यावं तर बाईंचा अपमान. मी बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'माय फादर मेक्स लाडू.' बाईंना सगळं कळत होतं. (अर्धं जबलपूर फॅक्टरीत, त्यांना काय कळणार नव्हतं?) पण त्यांनी गंभीरपणे विचारलं, 'डज ही गेट टाइम टू रेस्ट?' मी लिहिलं, 'नो. बॉर्डर इज व्हेरी हंग्री.' त्यावर त्यांनी विचारलं, 'डू यू मिस हिम?' पंधरा ओळी लिहिणाऱ्या मी त्या दिवशी एकच शब्द लिहिला, 'येस.'

पुढची गंमत आमच्या हेडमास्तरांनी केली. शालिग्रामजी म्हणजे देवमाणूस, लिहिलेलं सगळं खरं मानणारा. त्यांनी सगळ्यांच्या वह्या पाहायला मागवल्या. शाळेतर्फे स्टेशनवर जवानांच्या गाड्यांना खाऊ द्यायचा होता, त्यामुळे माझी वही वाचून ते हरखलेच. बाबांच्या नावाने चिठ्ठी आली, सोबत वही आणि बेसन-साखरेची पोती. लिहिलं होतं, "सामान विद्यालय का, हाथ आपके, लड्डू दो सौ." बाबांनी आधी चिठ्ठी वाचली, मग वही वाचली, आणि मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आता बाबा म्हणणार काय? मी लाडू बनवत नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न, मग काय बनवता? नियम म्हणजे नियम. बाबा आईला एवढंच म्हणाले, "अच्छा, चलो, परात काढा."

दीड महिन्यात पहिल्यांदा रविवारी सुट्टी घेऊन बाबा घरात मांडी घालून बसले. बसल्या बसल्या डब्याचं पत्र्याचं झाकण कापून एक कडं केलं. लाडू कड्यातून अलगद गेला तर पास, अडकला तर मोडून पुन्हा वळायचा. तुझे पहिले सतरा लाडू रिजेक्ट झाले, आठवतं? आईचेही चार झाले. (लग्नानंतर अठरा वर्षांनी आपल्या लाडवाला माप लावतात म्हणून ती दिवे लागेपर्यंत बाबांशी बोलली नाही.) माझा तर एकच लाडू तीनदा अडकला. चौथ्यांदा वळला तो एका बाजूने चेपलेला, आणि माझे डोळे भरून आले. बाबांनी कडं उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि कडं खाली ठेवलं. मग लाडू हातात फिरवत विचारलं, "काहून रे बंडू, याच्यात बेदाणा कुठं लपवला तू?" मी दाखवला. बाबांनी तो वाकडा लाडू माप न लावता डब्यात ठेवला आणि म्हणाले, "पास." ताई, बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण तो शब्द मला अजून ऐकू येतो. त्या दिवसानंतर मी इंग्रजी लिहायला कधी घाबरलो नाही.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार. बरणी उंचावर ठेव.

तुझा,
बंडू

ता. क. विशेष काही नाही म्हटलं ते खोटं आहे. मीराच्या पत्राची नक्कल मी माझ्या हाताने केली आहे, एकतीस चुकांसकट, ती सोबत पाठवून राहिलो. (चुका जशाच्या तशा उतरवणं फार कठीण असतं, मधेच हात शहाणपणा करतो.) नववी ओळ पाहा. 'आत्या मी तुझी याद करून राहिली.' तू 'याद' खोडून 'आठवण' केलंस, 'करून राहिली'चं 'काढते आहे' केलंस. सगळं बरोबर केलंस. पण पोरगी म्हणते की तुझी आठवण येते, त्याला उत्तर काहीच दिलं नाहीस. तू बाबांवर गेलीस, त्याला इलाज नाही. पण नकलेच्या खाली मी दोन बोटं जागा सोडली आहे. तिथे फक्त एक प्रश्न लिही, काहीही विचार. जमलं तर निळ्या शाईने.

ता. क. दुसरा. मीराला दाखवायला म्हणून आज ट्रंकेतून ती सातवीची वही काढली. जिथे मी 'येस' लिहिलं होतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं आहे, 'मी टू. पास. रामराव.' ती वही त्या 'येस'लाच भरली होती, म्हणून अठ्ठावीस वर्षं मी ते पान पुन्हा उघडलंच नव्हतं. फॅक्टरीतल्या लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, बाबांकडे दुसरी नव्हतीच. तेव्हा तुझ्याकडेही लालच असेल, तर लाल चालेल.