शेपटी उगवते, मग बोट काऊन नाही?

आई, आज प्रयोगशाळेत पुन्हा बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्यांची टोकं कापली. तू असतीस तर आधी मला शिव्या घातल्या असत्यास आणि मग स्वतःच वाकून पाहत बसली असतीस.

ही पिल्लं तुझ्यामुळेच माझ्या नशिबी आली. तुझी केमो चालू होती, गवत कापताना विळ्यानं चिरलेलं बोट काही केल्या भरत नव्हतं, आणि आमगावकडच्या आपल्या बांधीत भाताच्या रोपांचा रोवणा लागलेला. चिखलात उतरू नको म्हटलं, तर बाईसाहेब बोटाला पॉलिथिन बांधून कोरड्या धुऱ्यावर जाऊन बसल्या, रोवणाऱ्या बायांवर हुकूम सोडायला. संध्याकाळी माझ्या जेवणाच्या डब्यात पाणी घालून पिल्लं आणलीस. गोंदियाला एमएस्सी करणारी लेक ना मी! "घे वो, तुही लेकरं." डब्यासाठी मी केवढी भांडले! त्यातल्या एकाची शेपटी अर्धी तुटलेली होती. काही दिवसांत ती पुन्हा उगवायला लागली, तशी तू म्हणालीस, "येची शेपटी उगवून राहिली, मंग माह्यं बोट काऊन नाही भरून राहिलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता येतं. पाण्यात कॅन्सरचं औषध मिसळलं की शेपटी खुंटते. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी थोपवायच्या, एवढंच त्या औषधाला ठाऊक. गाठ कुठली आणि भरून येणारी जखम कुठली, हे त्याला कळत नाही. पिल्लं स्वच्छ पाण्यात ठेवली की काहींना शेपटी पुन्हा फुटते, वाकडीतिकडी का होईना.

तुझंही बोट शेवटी भरलं. आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं आणि औषध थांबवलं, त्यानंतर. तू मात्र येईल त्याला बोट दाखवत सुटलीस. "हे पाय, औषध बंद अन् बोट भरलं! सुंठीवाचून खोकला गेला. आता मी बरी होऊन राहिली." बाबा उठून गोठ्यात गेले. बोट कशानं भरलं हे मला तेव्हाही अंधुक कळत होतं, पण तुझा तो आनंद मला फार हवा होता. मी त्या बोटावरून हात फिरवला आणि "हो" म्हटलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? फक्त एक सांगते, हसू नकोस. स्वच्छ पाण्यातल्या पिल्लाला शेपटी फुटलेली दिसली की, सगळं ठाऊक असूनही, क्षणभर मलाही वाटतं, तू बरी होते आहेस.