फिलिप, मेरी आणि चिंचेचा कोळ

मी, चंद्रशेखर महादेव पांचाळ, वय त्रेसष्ट, धंदा ठसे आणि साचे घडवण्याचा, मूळ राहणार संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल् घुब्रा, मस्कत, भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मार्चमध्ये हृदयात स्टेंट बसवला तेव्हाही ते ठिकाणावरच होतं. त्या जाळीची जाडी किती, हे मी डॉक्टरला टेबलावर पडल्या पडल्या विचारलं होतं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे आणि ती सध्या चकल्या तळण्यात गुंतली आहे.

कलम एक. बदलापूरचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि कंपनीकडून जे काही निघेल ते, सर्व माझी पत्नी सौ. वासंती हिला. तिच्यामागे आमची मुलगी ऋचा हिला. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

कलम दोन. संगमेश्वरच्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ उत्तम याला. १९९४ साली उत्तमने चार लोकांत म्हटलं होतं की, ज्याला मेलेल्या राजांची चिल्लर गोळा करायची हौस आहे तो घर काय सांभाळणार. मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. पण त्या घराचे वासे त्याने बदलले, कौलं त्याने शाकारली, आणि आईच्या शेवटच्या आजारात उशाशी तो होता. मी इथून ड्राफ्ट पाठवत होतो. घर त्याचंच आहे, मी फक्त कागदावर आणतो आहे.

कलम तीन. माझी हत्यारं. मायक्रोमीटर, कोरण्या आणि लहान हातोडी दयानंदला द्यायची होती. गाला या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये तो माझ्या शेजारच्या लेथवर बावीस वर्षं उभा आहे. परंतु सहीला साक्षीदार तोच, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असं वाचनात आलं, म्हणून मागच्याच आठवड्यात पेटी त्याच्या खोलीवर पोचवली. तेव्हा या कलमात आता काही उरलेलं नाही. खोडाखोड नको म्हणून राहू दिलं आहे.

कलम चार. भिंग, नाण्यांवरची पुस्तकं आणि माझ्या टिपणांच्या सहा वह्या ऋचाला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे. सात वर्षांची असताना ती माझ्या मांडीवर बसून इंग्लंडचे राजे ओळखायची. आठव्या हेन्रीने चांदीत इतकं तांबं मिसळलं होतं की, नाणं झिजलं की आधी राजाचं नाक लाल व्हायचं. ऋचा त्याला ‘तांब्या-नाक’ म्हणायची आणि शाळेतून आली की विचारायची, “बाबा, तांब्या-नाकने आज कोणाला मारलं?” त्या वर्षांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही.

कलम पाच. आता नाणी. एकूण एक्केचाळीस, हातोड्याने ठोकलेली, यंत्र येण्याआधीची. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती, आणि माणसाच्या दंडाचा एक घाव. म्हणून एकासारखं दुसरं निघत नाही. कुठे राजाचा मुकुट कडेबाहेर गेलेला, कुठे घाव दोनदा बसल्यामुळे राणीला दोन हनुवट्या आलेल्या. मी आयुष्यभर असे ठसे केले की, लाख नगांत केसाचा फरक पडू नये. घरी येऊन मात्र मला त्या चुकलेल्या हातांचीच सोबत बरी वाटायची.

पहिलं नाणं मला वर्कशॉपचा इंग्रज फोरमन बार्कर साहेब १९९१ मध्ये मायदेशी परत जाताना देऊन गेला. तिसऱ्या हेन्रीची पेनी, मागच्या बाजूच्या क्रॉसच्या रेषेवर कातरून अर्धी केलेली. सुटे हवे असले की लोक सरळ नाणंच कापत. साहेब म्हणाला, “चंद्रा, हे तुझ्याच जातभाईचं काम आहे, सातशे वर्षांपूर्वीचं.” त्याला जातभाई म्हणजे ठसेवाला म्हणायचं होतं. त्या रात्री मी वासंतीला पत्र लिहिलं ते चार पानी झालं, आणि त्यात तिची विचारपूस शेवटच्या दोन ओळींत होती. ते पत्र तिने जपून ठेवलं आहे आणि भांडणात काढते.

कलम सहा. हे कलम लिहायचं म्हणूनच बाकीची कलमं लिहिली आहेत.

२००२ साली रुस्ताक गावच्या सूकात, म्हणजे बाजारात, खंजीर आणि जुने चांदीचे डॉलर विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मला एक काळवंडलेला शिलिंग मिळाला. १५५४ सालचा. राणी मेरी आणि तिचा स्पेनचा नवरा फिलिप, समोरासमोर, दोघांच्या मधे एकच मुकुट. दुकानदार ‘कदीम, वाजिद कदीम’ एवढंच म्हणत होता, म्हणजे जुनं, फार जुनं. वासंतीच्या पाटल्यांसाठी बाजूला काढलेले पैसे मी त्याच्या हातात ठेवले. घरी आल्यावर तिला सगळी कथा सांगितली. मेरीने हट्टाने लग्न केलं, वर्षभरात तो समुद्रापलीकडे निघून गेला, परत आला तो एकदाच, थोड्या महिन्यांसाठी. वासंती मेथी निवडत होती. नाणं हातात घेऊन म्हणाली, “बिचारी. समोर बसूनही बघतोय कुठे तो?” पाटल्या राहिल्या. त्या पुढे सात वर्षांनी झाल्या, आणि पातळ झाल्या.

२००६ च्या लक्ष्मीपूजनाला मी गालाहून संध्याकाळी घरी आलो. पाटावर, झेंडूच्या फुलांत, तबकात माझी तेव्हाची सतराही नाणी मांडलेली होती. दुपारभर चिंचेच्या कोळात भिजवून, दात घासायच्या पावडरीने लख्ख घासलेली. वासंती दारातच उभी होती. “बघा तरी. किती काळी पडली होती. लक्ष्मीपुढे अशी ठेवायची का? ती दोघांची सगळ्यांत जास्त घासली, चेहरे नीट दिसावेत म्हणून.”

नाण्यावरचा काळेपणा हाच त्याच्या वयाचा दाखला असतो, तो गेला की जाणकार त्याला हात लावत नाहीत. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. राजे सांगितले, राण्या सांगितल्या, एवढं राहिलं. मी देवीपुढचं तबक उचललं आणि म्हणालो, “साडेचारशे वर्षं जे टिकलं त्याची तू एका दुपारीत वाट लावलीस. खलास.” फराळाला बसलो नाही. नऊ वर्षांची ऋचा फुलबाजी विझवून आत गेली. वासंती एवढंच म्हणाली, “नाणी तुमची. यापुढे त्या कपाटाला मी हात लावायची नाही.” तिने शब्द पाळला. गेली एकोणीस वर्षं तिचं फडकं त्या कपाटापर्यंत येतं आणि वळतं. लक्ष्मीपूजनाला तबकात एक रियालची नोट असते.

आता खरं सांगतो. त्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी मी तो शिलिंग भिंगाखाली धरला. काळेपणा गेल्यामुळे कडेवर एक बारीक रेघ दिसत होती, सबंध गोल फिरलेली. ठोकलेल्या नाण्याला अशी रेघ येत नाही. ती येते दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या वस्तूला. म्हणजे शिलिंग खोटा होता, कोणीतरी ओतून केलेली नक्कल. म्हाताऱ्याने मला फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही कळलं नसेल. मला कळायला हवं होतं. साच्याची शिवण ओळखणं हेच माझं पोट आहे. चार वर्षं तो माझ्या हातात होता आणि मला दिसली नाही. वासंतीच्या चिंचेने दाखवली.

हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली. उलट गणपतीला मंडळी जमली की मीच सांगायचो, “आमच्या हिने फिलिप-मेरी धुऊन वाळत घातले,” आणि लोक हसायचे. ती चहाचे कप फिरवत असायची. बाकीची सोळा नाणी तिने बिघडवली हे खरं, पण मी रडत होतो ते ज्याच्यासाठी, ते बिघडण्यासारखं नव्हतंच. वासंती, मी चुकलो आणि चूक तुझ्या नावावर ठेवली.

सबब एक्केचाळीसही नाणी, खोट्यासकट, वासंतीला. विकावीत, ठेवावीत किंवा घासावीत. ऋचाने, कोणत्याही जाणकाराने किंवा माझ्या आत्म्याने हरकत घेऊ नये.

पुरवणी. सह्यांसाठी दयानंद आणि शेजारच्या अल्फियाताई आल्या आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, तरी दयानंदने सहावं कलम वाचलं आणि कागद खाली ठेवला. म्हणाला, “दादा, ह्या मेल्यार वाचून वैनीक काय उपेग? ती आत आसा मां. आत्ताच सांग.” अल्फियाताई म्हणाल्या, “अंकल, दयाभाई सही बोलतायत. आम्ही थांबतो.”

मी आत जाऊन कलम सहा उभ्याने वाचून दाखवलं. वासंतीने घाणा पुरा होईपर्यंत ऐकलं, गॅस बंद केला आणि दुपारची गोळी घेतली का ते विचारलं. घेतली नव्हती. तिने पाणी दिलं. मी बाहेर येऊन हे लिहीत आहे. मजकुरात बदल नाही.

स्थळ: अल् घुब्रा, मस्कत
वसुबारस, शुक्रवार, दि. १७ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: चंद्रशेखर महादेव पांचाळ

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. दयानंद सखाराम मेस्त्री, गाला
२. अल्फिया इक्बाल परकार, अल् घुब्रा

(खाली, वेगळ्या शाईत)

ऐकलं. यंदा नोट ठेवणार नाही. कपाटाची किल्ली टेबलावर काढून ठेवा, चिंच भिजत घातली आहे. सुरुवात त्या दोघांपासून करू. तुम्हीही बसायचं घासायला.
— वासंती