चर्चची भिंत आणि तेच पाच जण

सर, तुमचं पुस्तक मला इथं अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या लायब्ररीनं दुसऱ्या राज्यातून मागवून दिलं, २००६ साली, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाल्यावर. इंग्लंडमधल्या मूठभर घरांच्या एका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, कारभाराचा इतिहास. एम.ए.ला असताना त्या पॅरिशची इतिवृत्तं मी दोन वर्षं तुमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात बसून उतरवली, कारण बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. काकू पोळ्या लाटत ऐकत असायच्या. कायद्यानं तिथं चर्चचा कारभार वेगळा केला, गावाचा वेगळा. तरी मी चर्चच्या भिंतीची डागडुजी गावच्या कामांत मांडली, आणि तुम्ही विचारता, का? मी सांगतो, आमच्याकडे देवळाचे पंच आणि ग्रामपंचायतीचे मेंबर तेच पाच जण. सतरंजी न उचलता सप्ताहही ठरतो आणि गटारही. या पॅरिशच्याही दोन्ही वह्यांत त्याच पाच सह्या आहेत. कागद बदलला, माणसं कुठं बदलली? तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "तुझ्या डोक्यातून गाव जात नाही. इतिहास तुझं काम नव्हे. कॉम्प्युटरचा कोर्स कर." मी मुकाट्यानं केला. आज इथं डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळतो.

आणि तुमचं तिसरं प्रकरण उघडतो तर तीच भिंत, त्याच पाच सह्या, कागद बदलला पण माणसं नाही, सगळं इंग्रजीत, तुमच्या नावावर. ऋणनिर्देशात झेरॉक्सवाल्याचेसुद्धा आभार आहेत. बायकोनं खांद्यावरून वाचलं. "अरे, हा तुझाच पॉइंट ना? लग्नाआधी मला सांगितला होतास." मी म्हटलं, छे, सरांचाच. तुमच्यासाठी खोटं बोललो, आणि त्याचाच जास्त संताप आला. सर, तुम्ही मला फसवलंत. मुद्दा मागितला असतात तर हसत दिला असता. पण तो घेताना तुम्ही मला नालायक ठरवलंत, आणि मी इतकी वर्षं ते खरं धरून चाललो.

हे पत्र काकूंच्या पत्त्यावर टाकता येईल. त्या अजून तिथंच आहेत, दिवाळीच्या फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी करतात. या वयात त्यांना कशाला दुखवायचं, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण ते नाही. त्या दिवशी पोळपाटापाशी त्यांनी सगळं ऐकलं होतं. 'मला तेव्हाच माहीत होतं रे' असं त्यांचं उत्तर आलं, तर पुण्यात माझं म्हणावं असं कुणीच उरणार नाही.