निळ्या कपाचे तुकडे

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! माझ्यासारखी भिंगरी मोझेक शिकणार म्हटल्यावर ताई पोट धरून हसली. हसू दे. चिमणीला तिच्याकडेच ठेवलंय. सहा वर्षांची माझी लेक, पण माझ्यावरच गेलीय, दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली, उंच खिडक्या, रंगीत तुकड्यांनी भरलेल्या बरण्या आणि एका भिंतीवर आधीच्या शिकाऊंनी केलेले तळहाताएवढे चेहरे. सगळे कसे शांत. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. जिवाची घालमेल कमी करायला आलेय, असं मी सांगूनच टाकलं. त्या म्हणाल्या, इथे बहुतेक जण त्यासाठीच येतात.

४ तारीख, मंगळवार
पक्कड धरण्यापासून श्रीगणेशा. तुकडा मधोमध पकडायचा नाही, कडेला जरासा चावा घ्यायचा, की हवा तसा तुटतो. दोनदा बोट कापलं. इथली रीत अशी, की पहिलं काम आपल्याच रोजच्या वापरातलं भांडं फोडून करायचं. घरून आणायला सांगितलंच होतं. माझा कप पांढराफटक, त्यात काय मजा? म्हणून निघताना चिमणीचा दुधाचा निळा कप गुपचूप पिशवीत टाकला होता. फोडण्याआधी बाईंनी विचारलं, "हा तुझाच ना?" मी बेधडक हो म्हटलं. एका कपासाठी कोण पाल्हाळ लावणार!

६ तारीख, गुरुवार
इथे काम उलटं चालतं. बाईंनी खाकी कागदावर वळणदार रेघा मारून दिल्या. त्यांवर मैद्याच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे, मध्ये तांदळाएवढी फट. मग भिंतीवरच्या ओल्या सिमेंटात दाबायचं. कागद भिजवून सोलेपर्यंत चित्र दिसतच नाही. माझी चुळबुळ काही कमी होत नाही, पाय सारखे हलतात. ताईचा फोन आला. चिमणी आज दिवसभर गुणी बाळासारखी बसून होती म्हणे. सूर्य कुठून उगवला!

८ तारीख, शनिवार
निम्मे तुकडे लागले. ताई म्हणते, चिमणी बसवली तिथेच बसते. खेळायलाही गेली नाही. ताप नाही, डॉक्टरांना काही सापडलं नाही. सोमवारी कागद भिंतीत बसला की निघतेच. अर्धवट टाकायचं माझ्या जिवावर येतं.

१० तारीख, सोमवार, सकाळ
शेवटचा तुकडा लावला. बाईंनी कागद भिंतीत दाबला. तेवढ्यात ताईचा फोन, रडत होती. चिमणी डोळे मिटत नाही. पापणीसुद्धा हलत नाही.

दुपार
कागद सोलला. माझा चेहरा असेल असं वाटलं होतं. चिमणी आहे. पडलेल्या दातासकट.

बाईंना खरं सांगितलं. ज्याचं भांडं, त्याचीच घालमेल भिंतीत जाते म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मोठ्या माणसाची गेली तरी माणूस उरतं गं. लहान पोरात चुळबुळीशिवाय दुसरं असतं काय?"

काढता येईल का, विचारलं. सिमेंट संध्याकाळपर्यंत ओलं आहे म्हणाल्या. पण आत गेलं तसंच बाहेर येईल — तुकड्यातुकड्यांनी.

चार वाजता
बाकीचे चेहरे शांत आहेत. हा नाही. ओठ हलतायत. मला भास — नाही, हलतायत.

पटाशीने हनुवटीचा एक तुकडा काढला. लगेच ताईचा फोन. चिमणी किंचाळली. जिवंत आहे माझी बाय. पण हनुवटीला — ताईला पुढे बोलवेना.

काढले तर असं. ठेवले तर कायमची —

सहाला दहा कमी
सिमेंट बोटाला थंड लागतंय. कडेने कडक झालंय. अजून शंभरएक तुकडे. मी खोटं का बोलले, एका कपासाठी, देवा —

पटाशी हातात आहे. भिंतीतली चिमणी माझ्याकडे बघतेय. मान हलवतेय. नको म्हणतेय की काढ म्हणतेय, कळत नाही. "आई", असं म्हणतेय —