अकरावा रकाना

प्रिय ताई,

आधीच सांगून ठेवते, हे पत्र मी चिडून लिहितेय. रविवारची सकाळ आहे, जेवणाच्या टेबलावर तीन लॉ कॉलेजांची माहितीपुस्तकं पसरली आहेत आणि तिन्हींच्या मुखपृष्ठांवर तीच चार मुलं हसताहेत असं मला वाटायला लागलंय. एकीच्या हातात जाडजूड पुस्तक, एकाच्या गळ्यात टाय आणि मागे पायऱ्या. कायदा शिकायला इतक्या पायऱ्या का लागतात कोण जाणे. अर्ज पोहोचायला तेरा दिवस उरलेत. वर्गात सगळ्यांचं ठरून गेलंय. आणि मी पाचवीत असताना जिचं नाव तू हुज्जतबाई ठेवलंस, तिला स्वतःच्याच बाबतीत एक धड निकाल देता येत नाहीये.

सल्ला देणाऱ्यांनी तर डोकं पिकवलंय. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी नव्वद प्रश्नांची चाचणी घेतली. तुम्हाला फुलं आवडतात की यंत्रं, गर्दी आवडते की एकांत, असले प्रश्न. निष्कर्ष काय, तर मी हॉटेल व्यवस्थापन किंवा घरसजावट करावी. मी त्यांना दाखवून दिलं की चौदावा आणि बासष्टावा प्रश्न एकच आहे, फक्त शब्द फिरवलेत. तर त्यांनी माझ्या कागदावर शेरा मारला, 'वाद घालण्याची प्रवृत्ती'. मग हा मुद्दा कायद्याच्या बाजूनं जात नाही का, असं विचारलं तर घड्याळाकडे बघायला लागल्या. कोर्टाबाहेर बाबांच्या टायपिंगच्या टेबलाशेजारी बसणारे वकीलकाका म्हणाले, कॉलेज कुठलंही घे, खरं शिक्षण कोर्टातच होतं, जवळचं बरं. स्वतःच्या मुलीला मात्र त्यांनी पार दुसऱ्या टोकाला पाठवलंय. ते बोलून दाखवलं तर त्यांना एकदम चहाची आठवण झाली. आणि मामा! लिफ्टच्या भांडणात एकदा साक्षीदार म्हणून गेला होता, तेवढ्या भांडवलावर तासभर बोलला.

आई आणि मी तिन्ही कॉलेजं पाहून आलो. पहिलं घराजवळचं. तिथली अभिरूप न्यायालयाची खोली, म्हणजे विद्यार्थी जिथे वकील होऊन लुटुपुटूचे खटले लढवतात ती, बघायची म्हटलं तर किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. खिडकीतून डोकावले. न्यायाधीशांच्या जागी मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाण्याची दोन रिकामी पिंपं उभी. जवळ आहे हे काय थोडं झालं, असं आईचं म्हणणं. दुसरं कॉलेज इतकं चकचकीत की फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटावा. आम्हाला फिरवणारी मुलगी कशालाही 'हो ना, खूपच छान' म्हणायची. इथे गरजूंना मोफत कायदेसल्ला देतात का? हो ना, खूपच छान. आठवड्याला किती लोक येतात? हो ना. शेवटी कॅन्टीन आलं, तिथे मात्र ती भरभरून बोलली.

तिसरं कॉलेज तुझं. तिथे जायचं नाही असं घरात कुणी म्हणालं नव्हतं, पण यादीत मी त्याचं नाव लिहिलं तेव्हा आईनं दोनदा चष्मा पुसला. तिथे कुणी आम्हाला फिरवलं नाही. आमचे आम्हीच फिरलो. तळमजल्यावर सल्लाकेंद्राची खोली आहे ना, तिचं दार उघडं होतं. आत एक मुलगी एका म्हाताऱ्या बाईंना घरमालकाची नोटीस वाचून दाखवत होती. बाईंना कळलं नाही, तिनं परत वाचली. परत नाही कळलं, तिनं तिसऱ्यांदा वाचली, आणि आवाज जराही चढला नाही. मला वाटलं, बस, इथेच यायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ठरल्यासारखं वाटलं. मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि तिथल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर, उत्कृष्ट वक्त्यांच्या यादीत, तुझं नाव दिसलं. दुसऱ्या वर्षाचं, पांढऱ्या रंगात. मी आईकडे पाहिलं तर ती फळीकडे पाठ करून उभी राहिली होती आणि तिथून जाणाऱ्या एका प्राध्यापकांना वसतिगृहात पाणी किती वेळ येतं ते विचारत होती. नंतर म्हणाली चल, बस चुकेल. बसला पावणेदोन तास होते.

खरं सांगू, परतीच्या वाटेवर मला सगळ्यांचाच राग आला. घरी आजवर काय काय ऐकलंय माहीत आहे? आईच्या मैत्रिणींना सांगितलं जातं की तुझी तब्येत बिघडली म्हणून तू तिसऱ्या वर्षात शिक्षण सोडलंस. मामा सांगतो, तू नापास झालीस. वरच्या मजल्यावरच्या काकू काय सांगतात ते मी इथे लिहीत नाही, त्यात एक मोटारसायकल आहे. आणि बाबा काहीच सांगत नाहीत. अडीच वर्षांत त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल चकार शब्द निघालेला नाही. राग तुझाही आला, तेही सांगून टाकते. घरच्यांना नकळत शाळेतल्या ग्रंथपाल बाईंच्या पत्त्यावर तुझी कार्डं येतात, त्यांत तुझ्या छापखान्यातल्या नोकरीच्या गमती असतात, मुद्रितं तपासताना सापडलेल्या चुका असतात, खोलीवरच्या मांजरीचं बाळंतपण असतं. कॉलेजचं विचारलं की मात्र 'नंतर सांगेन'. अगं, नंतर म्हणजे कधी? त्याच कॉलेजात जायचं की नाही हे मला आत्ता ठरवायचंय. दोष कॉलेजात होता, कायद्यात होता की आपल्या घरात, हे मला कोण सांगणार? मामा?

आता कालचं सांगते. बाबांचं टेबल तुला आठवतंय ना, कोर्टाच्या फाटकासमोर, पत्र्याच्या शेडखालचं तिसरं. तेच जुनं मशीन, तीच डुगडुगणारी खुर्ची. त्यांचे नियमही तेच. लोक सांगतील ते टाईप करायचं, खरंखोटं आपण ठरवायचं नाही. टाईप झालं की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं आणि 'कबूल?' म्हणून विचारायचं. आणि त्यांच्या खणात व्हाइटनरची बाटली कधीच नसते. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी छोटी सही. तू तिसरीत असताना गणिताच्या वहीत प्रत्येक खाडाखोडीशेजारी सह्या करून ठेवल्या होत्यास आणि बाईंनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं होतं. बाबांना त्यात काय चुकलं तेच कळेना. ही गोष्ट पूर्वी ते येईल त्याला सांगायचे. आता सांगत नाहीत.

तुझं कॉलेज अजून कागदावरच अर्ज घेतं. काल कोर्टाला सुट्टी, म्हणून बाबांनी मशीन घरी आणलं आणि अर्ज भरायला बसले. मी शेजारी, आई समोर भाजी निवडत. नाव, जन्मतारीख, शाळा, गुण, सगळं सुरळीत चाललं होतं. अकराव्या रकान्यात विचारलं होतं की अर्जदाराच्या कुटुंबातील कोणी या महाविद्यालयात पूर्वी शिकले आहे का, आणि शिक्षण अपूर्ण राहिले असल्यास त्याचे कारण काय. मी तोंड उघडायच्या आत आई भाजीतून मान वर न करता 'नाही' म्हणाली. आणि बाबांनी टाईप केलं, 'नाही'. बोटं थांबली सुद्धा नाहीत. मी, हुज्जतबाई, चक्क मूग गिळून बसले.

मग त्यांनी सवयीप्रमाणे अर्ज वाचून दाखवायला घेतला. तोच कोर्टातला आवाज, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. दहा रकाने झाले. अकरावा वाचताना खाकरले, 'नाही' वाचलं, बाराव्यावर गेले, मग परत मागे आले आणि अकरावा पुन्हा एकदा वाचला. शेवटी ते छापील वाक्य आलं, वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. आणि त्यांनी मला विचारलं, कबूल?

मी म्हटलं, कबूल नाही. ज्या मुलीला आयुष्यभर लोकांच्या सह्या खऱ्या की खोट्या हे बघायचंय, तिनं आपली पहिलीच सही खोट्याखाली करायची? मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं, 'नाही'वर एकच रेघ मारली, वर 'होय, सख्खी बहीण' असं लिहिलं आणि शेजारी सही केली. आई भाजीचं ताट उचलून आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. बाबा त्या रेघेकडे बघत होते. अर्जात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की दुरुस्तीशेजारी पालकांचीही सही हवी. मला वाटलं, आता हा कागद फाटणार, आणि मला ते जवळचं पिंपांचं कॉलेज मिळणार.

आता माझीही एक कबुली. तू बॅग घेऊन घरी आलीस त्या दिवशी बाबा दारातच म्हणाले, उद्याच्या गाडीनं परत जा. का आलीस ते त्यांनी विचारलं नाही, आईनं विचारलं नाही, आणि मी पण विचारलं नाही. दहा दिवस तू या घरात होतीस आणि मी तुला एकच प्रश्न विचारला, तू परत जाणार असशील तर तुझं खिडकीजवळचं टेबल मी घेऊ का. तू हसून घे म्हणालीस. मी अजून त्याच टेबलावर अभ्यास करते आणि मला त्याची लाज वाटते. माफ कर, ताई. आम्ही सगळ्यांनी तुझ्या वतीनं कारणं सांगितली, ज्यानं त्यानं आपल्या सोयीची, आणि तुला विचारायचंच राहून गेलं.

हे पत्र लिहायचं आधी माझ्या डोक्यातही नव्हतं. बाबांनी काल पेन परत घेतलं, माझ्या सहीशेजारी आपली सही केली आणि बराच वेळ टोपण लावत बसले. मग म्हणाले, कारणाची जागा लहान आहे, वेगळा कागद जोडावा लागेल. मी विचारलं, त्यावर काय लिहू? तर म्हणाले, तू नाही लिहायचं, दुसऱ्याच्या वतीनं कारण लिहिता येत नाही, तिला विचार. अडीच वर्षांनी तुझा विषय त्यांच्या तोंडी आला, तोही नियम म्हणून. तो कागद सोबत पाठवतेय, कोराच आहे. एक ओळ लिही किंवा पाठपोट भर. कॉलेजला सांगायचं नसेल तर फक्त आम्हाला लिही, पण लिही. इथे तुझं लिहिलेलं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जाईल, एवढं मी लिहून देते. आज सकाळी मी लिफाफा शोधत होते, तर बाबांनी खणातून काढून एक पुढे केला. पत्ता टाईप केलेलाच होता. तुझा पत्ता मी या घरात कधी उच्चारलेला नाही. ग्रंथपाल बाईंचे कागद तेच टाईप करतात, पत्ता त्यांच्याकडूनच मिळवला असणार, हे मला आत्ता सुचतंय. पण लिफाफा आजचा नाही, कडा पिवळ्या पडल्यात. त्यावर आधी तुझ्या पहिल्या खोलीचा पत्ता होता. तू गेल्या वर्षी जागा बदललीस, तेव्हा त्यांनी त्यावर एकच रेघ मारली, वर नवा पत्ता टाईप केला आणि शेजारी छोटी सही केली. आता तुझ्या हातात आहे तो हाच.

उत्तराची वाट बघणारी, आणि टेबल परत द्यायला तयार असलेली,

तुझीच,
हुज्जतबाई