मोहोळच्या अलीकडे काढलेला फोटो

सोलापूर, १२ फेब्रुवारी

प्रिय अमरेशअण्णा,

मोहोळच्या अलीकडे अव्वाचा फोटो काढला तेव्हा दिवस मावळत आला होता आणि अप्पा दमले होते, असं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. साडेतीन वाजले होते, फोटोंच्या नोंदवहीत वेळ माझ्याच अक्षरात आहे. अप्पा दमलेही नव्हते, वेळापूरपासून गाडीत गुणगुणत होते. हे आधी सांगते, कारण त्या दमण्यावरूनच तू त्यांना विसरायला होतंय असं धरलंस, पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस आणि स्टुडिओ बंद करायला त्यांना तयार केलंस.

तुला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही तिघंच निघालो होतो. गाडी मी चालवली. मागच्या सीटवर अव्वा, आणि तिच्या शेजारी कॅमेऱ्याची पेटी. पेटीला बेल्ट लावला होता, अव्वाला नाही. ती म्हणाली, "बघ, सवतीची काळजी जास्त." वेळापूरच्या देवळात अप्पांनी सात फोटो काढले. प्रत्येकाला अर्धा तास. काळ्या कापडाखाली शिरले की त्यांना जगाचं भान नसतं. अव्वा ओट्यावर बसून पुजारीबाईंना कडक भाकरी किती दिवस टिकते ते सांगत होती.

तू स्टुडिओत कधी रमला नाहीस, म्हणून समजावते. त्या कॅमेऱ्यात रीळ नसतं. एका चपट्या होल्डरमध्ये फिल्मच्या दोन शीट, एकेका बाजूला एकेक, आणि प्रत्येकीवर एक सरकती पट्टी. फोटो काढून झाला की पट्टी उलटी करून परत घालायची. पांढरी कड बाहेर म्हणजे शीट कोरी, काळी कड म्हणजे वापरलेली. अप्पांनी हे मला पाचवीत असताना पाढ्यांसारखं शिकवलं. चार होल्डर, आठ शीट. सात झाल्या, एक उरली.

परतताना अव्वाच म्हणाली, "थांबव गं, इथं माझा काढू देत." तुला माहीत आहे, फोटोग्राफरची बायको असून तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. अप्पांनी विचारलं की म्हणायची, "रोज दिसतेच की मी." त्या दिवशी मात्र ज्वारीच्या बांधावर पदर सावरून उभी राहिली. अप्पांनी कोरी शीट मागितली. मी होल्डरची पिशवी उघडली, तर मला दोन पांढऱ्या कडा दिसल्या.

एकच हवी होती. मी पुन्हा मोजायला लागले, तशी अप्पांनी थट्टा केली, "तुझी मोजणी संपेपर्यंत तुझी अव्वा म्हातारी होईल." ती दोघं हसली. मी होल्डरची वर आलेली बाजूच पुढे केली. आयुष्यात एकदाच मोजणी अर्धी सोडली.

दुसऱ्या दिवशी अप्पा अंधाऱ्या खोलीतून ओली शीट घेऊन बाहेर आले. अव्वाच्या चेहऱ्यावर देवळाचे खांब उमटले होते. फक्त हात स्वच्छ. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "माझीच चूक. पट्टी उलटवायचं राहिलं असणार." मी ती शीट त्यांच्या हातातून घेऊन वाळत टांगली. अव्वा म्हणाली, "परत काढा की, मी कुठं चालले?" अप्पांनी मान हलवली. आता डोळ्यांचा भरवसा नाही, नवीन चष्मा येऊ दे, मग काढतो, म्हणाले.

चष्मा मंगळवारी मिळणार होता. अव्वा सोमवारी पहाटे गेली.

तेव्हापासून ते कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. दाराला कुलूप लावलं का, हे मला तीनदा विचारतात. गॅसपाशी स्वतःच आठवणीची चिठ्ठी चिकटवली आहे, स्वतःवर भरवसाच उरलेला नाही. भिंतीवर अव्वाचा फोनवरून मोठा केलेला फोटो आहे, त्यात ती दुसरीकडेच बघते आहे. अप्पा त्याच्यासमोर बसतात आणि म्हणतात, "एक फोटो काढता आला नाही मला हिचा."

अण्णा, देवळातल्या सातव्या फोटोनंतर अप्पा पुजाऱ्यांशी बोलायला गेले होते. पट्टी त्यांनी घातली नाही, मी घातली. पांढरी कड बाहेर ठेवून. दोन पांढऱ्या का, हे मला त्या बांधावरच कळायला हवं होतं, आणि त्या ओल्या शीटसमोर तर कळलंच होतं. तेव्हा बोलले असते, तर चष्म्यासाठी कोणी थांबलं नसतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अप्पांनी अव्वाला गच्चीवर उभं केलं असतं. आठ दिवस होते आपल्याकडे. अप्पांनी माझी चूक स्वतःची मानली आणि मी मानू दिली. डॉक्टरांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव. पण त्यांचं डोकं शाबूत आहे, हे तुला माहीत असायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे गं" म्हणाला असतास, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. तुला लिहून ठेवलं की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून हे पत्र. तू बावीसला, रविवारी, त्यांना न्यायला येशील. त्याआधी मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगणार आहे, शुक्रवारी, वीस फेब्रुवारीला, सकाळी.

तुझीच,
अक्षता